गाठीला हात न लावणारं औषध

कर्करोगावरचे जुने उपचार आठवून बघा. शस्त्रक्रिया गाठ कापून काढते, रेडिएशन तिला जाळतं, केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींना विष घालते. पद्धती वेगळ्या, पण नेम एकाच ठिकाणी: गाठीवर. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं इपिलिमुमॅब हे औषध या पंक्तीत बसत नाही. ते सलाइनमधून शिरेत सोडतात, पण कर्करोगाची पेशी कशी दिसते हे त्याला माहीतच नसतं. रुग्णाच्या अंगातल्या, स्वतः कसलाही आजार नसलेल्या पांढऱ्या पेशींना ते जाऊन चिकटतं. पुढचं काम त्या पेशी करतात.

या औषधामागची कल्पना ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाली ते जेम्स ॲलिसन. २०१८ साली जपानच्या तासुकू होंजो यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲलिसन यांचा प्रवास समजून घेतला की ही उपचारपद्धती आपोआप समजते. म्हणून तोच रस्ता धरू.

टेक्सासमधलं ॲलिस नावाचं छोटं गाव. १९४८ चा जन्म, वडील डॉक्टर. जेम्स दहा-अकरा वर्षांचा असताना आई लिम्फोमानं गेली. तिच्या गळ्यावर भाजल्यासारखे डाग असायचे. ते रेडिएशनचे होते, हे त्याला नंतर कळलं. पुढे दोन मामाही कर्करोगानंच गेले. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला डार्विनचं नाव काढायचं नाही असा प्रकार होता, तेव्हा या पोरानं त्या तासाला बसायलाच नकार दिला आणि तो विषय टेक्सास विद्यापीठाकडून टपालानं शिकून घेतला. हा अडेलतट्टूपणा पुढे फार उपयोगी पडणार होता.

ऑस्टिनला त्यांनी पीएचडी केली ती ॲस्पॅराजिनेज या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर. रक्ताच्या कर्करोगाच्या काही पेशींना ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, ते रक्तातून घ्यावं लागतं. हे विकर रक्तातलं ॲस्पॅराजिन तोडून टाकतं आणि त्या पेशी उपाशी मरतात. मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात. उंदरांवर या विकराचे प्रयोग चालू असताना ॲलिसन यांच्या मनात एक शंका आली. औषधानं बरे झालेले उंदीर होतेच हाताशी. त्यांना पुन्हा त्याच कर्करोगाच्या पेशी टोचल्या, या वेळी औषधाशिवाय. गाठ झालीच नाही. म्हणजे उंदराच्या शरीरानं काहीतरी लक्षात ठेवलं होतं. काय, आणि कोणी?

त्या काळात उत्तराचा एक दावेदार नुकताच पुढे आला होता: टी पेशी. या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. मग आयुष्यभर रक्तातून आणि लसिका ग्रंथींतून फिरत राहतात. फिरता फिरता इतर पेशींना चाचपून बघतात. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिच्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे मांडलेले असतात, घराबाहेर नावाची पाटी असावी तसे. विषाणू शिरला किंवा जनुकात बिघाड झाला की पाटीवरचा मजकूर बदलतो. टी पेशी तो बदल वाचते. प्रत्येक टी पेशीला एकच विशिष्ट मजकूर वाचता येतो. असे वाचक मात्र शरीरात कोट्यवधी प्रकारचे असतात.

पण वाचते कशानं? ही वाचणारी रचना, म्हणजे टी पेशीचा रिसेप्टर, सत्तरच्या दशकात कोणालाच सापडत नव्हती. बड्या प्रयोगशाळांचे दावे होत होते आणि कोसळत होते. ॲलिसन तेव्हा स्मिथव्हिल या टेक्सासमधल्या आडगावच्या छोट्याशा संशोधन केंद्रात होते. तिथे शिकवणं नाही, बैठका नाहीत, फक्त प्रयोग. १९८२ मध्ये त्यांनी उंदराच्या टी पेशींच्या गाठीवर एक प्रथिन दाखवलं आणि हाच तो रिसेप्टर असावा असं लिहिलं. पुढच्या दोन वर्षांत इतरांच्या कामानं ते पक्कं झालं, १९८४ मध्ये त्याची जनुकंही सापडली. ॲलिसन यांना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मजकूर वाचणारा डोळा मिळाला, म्हणजे टी पेशी चालू कशी होते हे कळलं, असंच सगळ्यांना वाटलं. पण रिसेप्टरला हवा तो मजकूर दाखवूनही टी पेशी ढिम्म. उलट कधीकधी कायमची सुस्तावून जायची.

याचं कारण शहाणपणाचं आहे. नुसता मजकूर जुळला म्हणून जीवघेण्या पेशींची फौज उभी करणं शरीराला परवडणारं नाही. म्हणून दुसरी खूण लागते. संसर्ग झालेल्या जागेहून माल घेऊन येणाऱ्या डेंड्रिटिक पेशींच्या अंगावर बी-७ नावाचं प्रथिन असतं, आणि टी पेशीच्या अंगावर सीडी-२८ नावाचा त्याचा जोडीदार. दोघांची भेट झाली तरच टी पेशी खरी जागी होते आणि दुप्पट-चौपट वाढू लागते. किल्ली फिरवली तरी ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय गाडी हलत नाही, ही उपमा ॲलिसन स्वतः वापरतात. सीडी-२८ हा तो ॲक्सिलरेटर, हे दाखवणाऱ्यांत त्यांची प्रयोगशाळाही होती.

आता यातून कर्करोगाचं एक कोडं सुटतं. गाठीच्या बहुतेक पेशींवर बी-७ नसतंच. म्हणजे टी पेशी गाठीपाशी जाते, मजकूर वाचते, तो गडबडीचा आहे हेही तिला कळतं, पण दुसरी खूण मिळत नाही म्हणून ती काहीच करत नाही. १९९३ मध्ये ॲलिसन यांच्या गटानं उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशींवर मुद्दाम बी-७ बसवलं. मेलॅनोमा म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. बी-७ बसवलेल्या गाठी उंदरांनी नाकारल्या. पण माणसाच्या अंगातल्या प्रत्येक गाठीच्या प्रत्येक पेशीवर बी-७ बसवणार कसं? तो रस्ता बंदच होता.

याच सुमाराला एका तिसऱ्या प्रथिनावरून वाद पेटला होता. सीटीएलए-४ हे त्याचं नाव. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाला ते टी पेशींत सापडलं होतं. दिसायला सीडी-२८ चं भावंडच, आणि तेही बी-७ ला चिकटतं, तेही सीडी-२८ पेक्षा कितीतरी घट्ट. भावंड म्हटल्यावर स्वभावही तोच असणार असं मानलं गेलं: हा दुसरा ॲक्सिलरेटर. औषध कंपनीतले जाणकारही तेच म्हणत होते.

ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेतल्या मॅथ्यू क्रमेल या विद्यार्थ्यानं सीटीएलए-४ ला झाकणारी अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारं प्रथिन, तयार केली. ॲक्सिलरेटर झाकला तर टी पेशी मंदावायला हव्यात. त्या उलट जोमानं वाढल्या. जेफ्री ब्लूस्टोन यांच्या प्रयोगशाळेलाही स्वतंत्रपणे हेच दिसलं. भावंडाचा स्वभाव बरोबर उलटा निघाला, तो ब्रेक होता. १९९५ मध्ये दोन गटांनी सीटीएलए-४ चं जनुकच नसलेले उंदीर तयार केले. तीन-चार आठवड्यांत ते मेले. टी पेशी बेसुमार वाढून त्यांच्या हृदयात आणि इतर अवयवांत घुसल्या होत्या.

या ब्रेकची घडण मला फार सुंदर वाटते. टी पेशी शांत असते तेव्हा तिच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ जवळपास नसतं. ती जागी झाली, वाढू लागली, की हे प्रथिन आतून वर येऊन बसतं आणि घट्ट पकडीच्या जोरावर सगळं बी-७ स्वतःच बळकावतं. सीडी-२८ च्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबण्याच्या कृतीतूनच ब्रेक तयार होतो. सर्दी बरी झाल्यावर टी पेशींची फौज आपसूक पांगते, त्यामागे ही व्यवस्था आहे. (जाता जाता: सीटीएलए-४ चा तुकडा रक्तात मोकळा सोडला तर तो बी-७ झाकून टाकतो आणि टी पेशी थंडावतात. त्याचं औषध झालं, ॲबाटासेप्ट. ते संधिवातावर देतात.)

उंदीर मरताहेत हे बघून बहुतेकांनी या प्रथिनापासून हात लांब ठेवला असता. ॲलिसन यांना वेगळंच सुचलं. संसर्ग चार दिवसांत आटोपतो, गाठ मात्र महिनोन् महिने वाढत असते. तिच्याशी झुंजणाऱ्या टी पेशींवर हा ब्रेक अवेळी लागत असेल तर? तो कायमचा उखडायचा नाही, थोडे दिवस झाकून ठेवायचा. गाठीवर बी-७ बसवायची कटकट नको, गाठ कुठली आहे हे माहीत असायचीही गरज नको.

१९९४ च्या शेवटी डॅना लीच या सहकाऱ्यानं प्रयोग लावला. उंदरांना आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या, काहींना सीटीएलए-४ झाकणारी अँटिबॉडी दिली, काहींना नाही. अँटिबॉडी मिळालेल्या उंदरांच्या गाठी विरघळल्या. ॲलिसन यांचा विश्वास बसेना. ताबडतोब पुन्हा करू, म्हणाले. लीच नाताळच्या सुटीवर निघाले होते. मग असं ठरलं की लीच यांनी इंजेक्शनं देऊन जायचं, कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय हे सांगायचं नाही, आणि मोजमाप ॲलिसन स्वतः करतील. सुटीत ते मोजत बसले. सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत होत्या आणि त्यांना वाटलं, संपलं. मग काही पिंजऱ्यांमधली वाढ मंदावली, थांबली, गाठी आटू लागल्या. उरलेल्या पिंजऱ्यांत त्या वाढतच गेल्या. हा शोधनिबंध १९९६ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

आधी वाढ, मग उतार. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्यानंच घात केला.

१९९६ ते २०११, मध्ये पंधरा वर्षं गेली. ॲलिसन एकेक औषध कंपनी फिरले. नकाराची कारणं अगदीच चुकीची नव्हती. ‘प्रतिकारशक्ती जागवून कर्करोग घालवू’ ही घोषणा जुनी होती आणि तोंडघशी पाडणारी होती. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचत. काहींच्या गाठी खरोखर गेल्या, पण कोणाच्या जातील हे कधीच सांगता येईना. १९८० च्या आसपास इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्याच एका प्रथिनाचा गाजावाजा झाला आणि बराचसा ओसरला. तशाच इंटरल्युकिन-२ या दुसऱ्या प्रथिनानं मोजके रुग्ण पूर्ण बरे केले, पण ते देताना रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवण्याची पाळी यायची. उंदरांत तर कर्करोग कशानंही बरा होतो, हा या क्षेत्रातला जुना टोमणा. शेवटी मेडारेक्स नावाच्या छोट्या कंपनीनं धाडस केलं. तिच्याकडे माणसाच्या अँटिबॉडी तयार करणारे जनुक बदललेले उंदीर होते, कारण उंदराची अँटिबॉडी माणसाचं शरीर परकी म्हणून फेकून देतं. त्यांच्यापासून मिळालेली, सीटीएलए-४ झाकणारी माणसाची अँटिबॉडी म्हणजेच इपिलिमुमॅब.

चाचण्या सुरू झाल्या आणि वेगळीच अडचण उभी राहिली. औषधाची नाही, मोजपट्टीची.

केमोथेरपीचं यश मोजायचा नियम ठरलेला होता. औषध दिलं, काही आठवड्यांनी स्कॅन केला, गाठ इतकी टक्के लहान झाली तर यश. वाढली किंवा नवीन गाठ दिसली तर अपयश, औषध बंद. विष गाठीवर थेट काम करतं, तेव्हा हा नियम रास्तच होता. पण जे औषध गाठीला हातच लावत नाही त्याला हा नियम कसा लावायचा? टी पेशींना जागं व्हायला, वाढायला, गाठीपर्यंत पोचायला वेळ लागतो. शिवाय त्या हजारोंनी गाठीत घुसल्या की स्कॅनवर गाठ मोठीच दिसते. आत लढाई चाललेली असते आणि कागदावर ‘रोग बळावला’ असा शेरा पडतो. काही डॉक्टरांच्या लक्षात आलं की स्कॅन वाईट असूनही रुग्ण सांगतोय, मला बरं वाटतंय. त्याच काळात फायझर कंपनीचं सीटीएलए-४ वरचंच दुसरं एक औषध चाचणीत होतं. फायदा दिसत नाही म्हणून २००८ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात जेड वोल्चोक आणि इतरांनी वेगळे निकष मांडले, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲलिसन २००४ मध्येच बर्कली सोडून तिथे आले होते, चाचण्यांवर डोळा ठेवायला. उंदरांचा माणूस दवाखान्याच्या इमारतीत येऊन बसला, हे मला त्या नोबेलइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुख्य चाचणीत गाठीचा आकार मोजण्याऐवजी सरळ प्रश्न विचारायचं ठरलं: रुग्ण किती जगले? वाट जास्त पाहावी लागणार होती, पण या मापात फसगत नव्हती.

२०१० मध्ये निकाल आला. पसरलेल्या मेलॅनोमाचे ६७६ रुग्ण, सगळ्यांचे आधी इतर उपचार करून झालेले. तुलनेसाठी जी लस दिली होती त्या गटात निम्मे रुग्ण ६.४ महिन्यांच्या आत गेले, इपिलिमुमॅब मिळालेल्या गटांत हा आकडा १० महिन्यांच्या आसपास. साडेतीन-चार महिन्यांचा फरक. एवढ्यावर हुरळून जाण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल.

खरी बातमी त्या आलेखाच्या शेपटीत होती. पसरलेल्या मेलॅनोमात जगण्याचा आलेख साधारण सरळ खाली उतरत शून्याकडे जायचा. इथे तो उतरता उतरता तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आडवा झाला. पुढे १,८६१ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हाही तेच दिसलं: साधारण पाचातला एक रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होता, आणि जे तो टप्पा ओलांडत ते बहुतेक पुढेही जगत. आलेख दहा वर्षांपर्यंत आडवाच राहिला. याचं उत्तर त्या ॲस्पॅराजिनेजवाल्या उंदरांकडेच आहे. केमोथेरपी थांबली की तिचा असर थांबतो. टी पेशी मात्र आठवण ठेवतात. औषधाचे चारच डोस, तीन-तीन आठवड्यांनी. नंतरची राखण त्या पेशींकडे.

किंमतही मोजावी लागते, आणि तिचं मूळही त्याच तत्त्वात आहे. ब्रेक झाकला तो सगळ्याच टी पेशींचा. कर्करोगाशी ज्यांचं काही देणंघेणं नाही अशाही जाग्या होतात आणि आपल्याच अवयवांवर उलटतात. आतड्याला सूज येऊन रक्ती जुलाब, अंगावर पुरळ, यकृताला सूज, पिट्युटरी किंवा थायरॉइड ग्रंथी बंद पडणं. आतड्याला छिद्र पडून काही रुग्ण दगावलेही. सुरुवातीला डॉक्टर या जुलाबांवर नेहमीसारखे उपचार करत बसायचे. आता माहीत आहे की स्टेरॉइड देऊन टी पेशींना आवरावं लागतं, आणि तेही लवकर. अशी औषधं घेणाऱ्यानं जुलाब, धाप, खूप थकवा यांपैकी काहीही झालं तर ‘जाईल आपोआप’ म्हणून अंगावर काढू नये.

होंजो यांचं काम याच्या शेजारचं. १९९२ मध्ये क्योतोत त्यांच्या गटाला पीडी-१ हे प्रथिन सापडलं. शोधत होते ते पेशी मरताना कुठली जनुकं चालू होतात हे, आणि हाती लागला टी पेशीचा दुसरा ब्रेक. सीटीएलए-४ मुख्यतः लसिका ग्रंथीत, टी पेशी जागी होताना लागतो. पीडी-१ नंतर, थेट रणभूमीवर लागतो, आणि कित्येक गाठी त्याचा जोडीदार पीडी-एल१ स्वतःच्या अंगावर मिरवून टी पेशींना थोपवतात. त्यामुळे पीडी-१ झाकणारी औषधं जास्त कर्करोगांत चालतात आणि त्यांचा त्रासही एकूण कमी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये मेंदूपर्यंत पोचला होता. रेडिएशनसोबत असंच एक औषध त्यांना दिलं गेलं. ते शंभरी ओलांडून डिसेंबर २०२४ मध्ये गेले. दोन्ही ब्रेक एकत्र झाकण्याचीही मोठी चाचणी झाली. दहा वर्षांनी त्यातले ४३ टक्के मेलॅनोमा रुग्ण जिवंत होते. नुसत्या इपिलिमुमॅबच्या गटात १९ टक्के. दोन्ही मिळून त्रास मात्र बराच वाढतो.

मग हे सगळ्यांना का चालत नाही? पुन्हा पाटीवरच्या मजकुराकडे जावं लागेल. मेलॅनोमाच्या पेशींत उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसातल्या गाठीत धुरानं जनुकांची इतकी मोडतोड झालेली असते की पाटीवर परका मजकूर भरपूर असतो. टी पेशींना वाचायला काहीतरी मिळतं. स्वादुपिंडाच्या किंवा प्रोस्टेटच्या बहुतेक गाठींत अशी मोडतोड कमी आणि टी पेशीही फारशा फिरकलेल्या नसतात. गाडीच नसेल तर ब्रेक सोडून काय होणार?

प्रोस्टेटची ही अडचण ॲलिसन यांच्या घरातली. त्यांचा भाऊ २००५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगानं गेला. स्वतः त्यांनाही तो झाला होता, वेळेत सापडला म्हणून निभावलं. इपिलिमुमॅबची प्रोस्टेटवरची मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या औषधामुळे रुग्णांचं आयुष्य वाढलं असं तिच्यातून सिद्ध झालं नाही.

ॲलिसन २०१२ मध्ये टेक्सासला, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कर्करोग केंद्रात परतले. (‘चेकपॉइंट्स’ नावाच्या बँडमध्ये ते हार्मोनिका वाजवतात. बँडमधली मंडळीही याच क्षेत्रातली. रोगप्रतिकारशास्त्रात या ब्रेकना चेकपॉइंट म्हणतात.) तिथे त्यांच्या पत्नी, डॉक्टर आणि संशोधक पद्मानी शर्मा, गाठीच्या तुकड्यांवर काम करतात: औषधाआधी काढलेला तुकडा आणि औषधानंतरचा तुकडा, शेजारी शेजारी. प्रोस्टेटमध्ये त्यांच्या गटाला दिसलं की इपिलिमुमॅबनंतर टी पेशी गाठीत शिरल्या होत्या. तेवढं काम औषधानं चोख केलं होतं. पण त्याच तुकड्यांत पीडी-एल१ वाढलेलं होतं, आणि व्हिस्टा नावाचा आणखी एक ब्रेकही.